जुन्या लष्करी गाडीतला रेडिओ: वीज कुठून द्यायची आणि त्याला जपायचं कसं

गेल्या उन्हाळ्यात एका मित्राच्या २४ व्होल्टच्या जीपचा बॅटरीबॉक्स उघडला. आत शेजारीशेजारी दोन बॅटऱ्या, एकाच दिवशी घेतलेल्या. डावीकडच्या बॅटरीत पाणी व्यवस्थित होतं, पण ॲसिडची घनता मोजणाऱ्या हायड्रोमीटरचा फ्लोट तळाला गेलेला. उजवीकडच्या बॅटरीत प्लेटी उघड्या पडलेल्या, झाकणांभोवती ॲसिडचा चिकट थर, आणि खालच्या पत्र्याचे पोपडे निघालेले. एक उपाशी आणि एक खाऊन फुटलेली. कारण दोन मिनिटांत सापडलं. १२ व्होल्टचा हॅम रेडिओ, म्हणजे परवानाधारक हौशी लोक वापरतात तो बोलता-ऐकता येणारा संच, चालवण्यासाठी दोन बॅटऱ्यांच्या मधल्या पट्टीवरून वायर काढली होती.

ही चूक इतक्या गाड्यांत बघितली आहे की सुरुवात तिच्यापासूनच करतो. सिरीजमधल्या दोन बॅटऱ्यांना डायनॅमोकडून एकच करंट मिळतो. रेडिओ मात्र फक्त खालच्या, म्हणजे अर्थकडच्या, बॅटरीतून खातो, त्यामुळे ती कधीच पूर्ण भरत नाही. कटआउट, म्हणजे चार्जिंगवर ताबा ठेवणारा डबा, बघतो तो दोन्हींची बेरीज. बेरीज २८ झाली की तो समाधानी. खालची १२.४ वर अडकली असेल तर वरचीवर १५.६ व्होल्ट येतात आणि ती उकळत राहते. मधून वीज घ्यायचीच असेल, तर बॅटरी इक्वलायझर नावाचं यंत्र दोन्ही बॅटऱ्यांवर बसवावं लागतं. नाहीतर पूर्ण २४ वरून रेडिओपुरते १२ करणारा कन्व्हर्टर. तिसरा मार्ग नाही.

रेडिओ गाडीच्या वायरिंगला जोडायचा नसतो. तो पूर्ण बॅटरीला, स्वतःच्या वेगळ्या वाटेने जोडायचा असतो. पुढे जे काही सांगतो आहे ते सगळं याच एका गोष्टीभोवती फिरतं.

आधी गाडी ओळखा

मल्टिमीटर घ्या आणि इंजिन बंद असताना बॅटरी मोजा. पूर्ण भरलेली ६ व्होल्टची बॅटरी ६.३ च्या आसपास दाखवते, १२ ची १२.६ ते १२.७, आणि २४ ची जोडी २५.३ ते २५.४. मग इंजिन सुरू करून थोडा रेस देऊन पुन्हा मोजा. ६ च्या गाडीत ७.२ ते ७.४, १२ मध्ये १३.८ ते १४.४, आणि २४ मध्ये २७.५ ते २८.५ दिसायला हवेत. २४ च्या गाडीत ३० च्या वर आकडा गेला तर आधी कटआउट दुरुस्त करा. रेडिओचं काम तोवर थांबवा.

गाडीच्या नावावरून अंदाज बांधू नका. दुसऱ्या महायुद्धातली विलीज एमबी आणि फोर्ड जीपीडब्ल्यू मुळात ६ व्होल्टच्या. कोरियन युद्धाच्या काळातल्या एम३८ आणि एम३८ए१ या २४ च्या. ब्रिटिश लँड रोव्हरमध्ये साधी गाडी १२ ची, पण एफएफआर, म्हणजे रेडिओसाठी तयार केलेली गाडी, २४ ची. तिला ९० अँपिअरचं चार्जिंग आणि रेडिओसाठी वेगळ्या बॅटऱ्या दिलेल्या असत. महिंद्रांनी मुंबईत चाळीसच्या दशकाच्या अखेरीस विलीज जीप जोडायला सुरुवात केली. त्यामुळे आपल्याकडे जीप भरपूर, पण ऐंशी वर्षांत प्रत्येकीवर चार-पाच इलेक्ट्रिशियनांचे हात फिरलेले असतात. ६ ची १२ झालेली असते, कुठे पेट्रोलच्या जागी डिझेल इंजिन आलेलं असतं. लष्कराच्या लिलावातून आलेल्या जोंगा जीपचं किंवा शक्तिमान ट्रकचंही तेच. मीटर सांगेल ते खरं.

अर्थ कोणत्या बाजूला आहे तेही इथेच तपासा. मीटरची काळी पिन चेसिसच्या उघड्या लोखंडावर आणि लाल पिन बॅटरीच्या अर्थ नसलेल्या टोकावर लावा. आकडा उणे आला तर गाडी पॉझिटिव्ह अर्थची आहे. जुन्या ब्रिटिश गाड्यांत हे होतं. अशा गाडीत आजचा रेडिओ चालवायचा तर कन्व्हर्टर आयसोलेटेडच हवा, म्हणजे ज्याच्या आतल्या आणि बाहेरच्या बाजूला कुठलाही तांब्याचा धागा समाईक नाही असा. साधा कन्व्हर्टर लावलात आणि रेडिओची बॉडी चेसिसला टेकली, की बॅटरी थेट शॉर्ट.

रेडिओ मरतो कशाने

व्हॉल्व्हचे जुने संच बरंच सोसतात. ट्रान्झिस्टर सोसत नाही. अमेरिकेच्या सैन्याने साठच्या दशकात व्हीआरसी-१२ मालिकेचे संच गाड्यांत बसवले, तेव्हा चालकांना एक नियम घालून दिला होता: इंजिन सुरू किंवा बंद करण्याआधी रेडिओ बंद करायचा. हा नियम मी आजही पाळतो.

सेल्फ मारताना बॅटरीचा व्होल्टेज कोसळतो, आणि सेल्फ सुटला की उलटा धक्का येतो. पण सगळ्यात वाईट प्रसंग वेगळाच असतो. इंजिन पळतंय, डायनॅमो भरपूर करंट देतोय, आणि बॅटरीचं सैल टर्मिनल खड्ड्यात क्षणभर सुटतं. डायनॅमोच्या फील्डमधला करंट लगेच उतरत नाही. तो तेवढीच ताकद लावत राहतो, पण ती शोषायला बॅटरी नसते. मग व्होल्टेज उसळतो आणि जो रेडिओ चालू असेल त्याच्या अंगावर जातो. २८ व्होल्टच्या लष्करी गाड्यांसाठी अमेरिकेचं एमआयएल-एसटीडी-१२७५ हे मानक आहे. त्याच्या डी आवृत्तीत उपकरणांनी ५० मिलिसेकंद १०० व्होल्ट आणि त्याहून क्षणिक अशा २५० व्होल्टच्या टोकांना तोंड द्यावं अशी अपेक्षा धरली आहे. बाजारातल्या हॅम रेडिओवर बहुधा १३.८ व्होल्ट, १५ टक्के कमी-जास्त, असं छापलेलं असतं. यावरून अंतर किती आहे ते समजतं.

म्हणून पहिलं काम अगदी साधं आहे. बॅटरीची टर्मिनलं काढा, गरम पाण्यात खायचा सोडा घालून धुवा, ब्रशने चकचकीत करा, घट्ट आवळा, वर पेट्रोलियम जेली लावा. बॅटरी-चेसिस आणि इंजिन-चेसिस या दोन्ही अर्थपट्ट्या उतरवून बोल्टखालचा रंग खरवडा. मग कुणाला तरी सेल्फ मारायला सांगून मीटरची एक पिन बॅटरीच्या अर्थाच्या टोकावर आणि दुसरी इंजिनच्या ब्लॉकवर धरा. पाव व्होल्टच्या आत आकडा असेल तर उत्तम. अर्धा व्होल्ट असेल तर पट्टी बदला. दोनशे रुपयांच्या पट्टीने जितके रेडिओ वाचलेत तितके महागड्या फिल्टरने वाचलेले नाहीत.

वायर, फ्यूज आणि अर्थचा खरा प्रश्न

आता रेडिओची स्वतंत्र वाट. गाडीची मूळ कापडी वेणीची वायरिंग कापू नका, तिला टॅपही मारू नका. ती परत मिळत नाही, आणि नव्वद टक्के जागी तिच्यात दडलेला जोड आधीच दमलेला असतो. वेगळी वायर टाका, आणि ती अशी टाका की उद्या काढली तर गाडीत एकही नवं भोक राहू नये.

वायरची जाडी हिशोबाने ठरवा. १०० वॅटचा एचएफ, म्हणजे लघुलहरींचा, संच बोलताना साधारण २२ अँपिअर ओढतो. बॅटरीपासून रेडिओपर्यंत ४ मीटर धरले, तर जाऊन-येऊन ८ मीटर तांबं. ६ स्क्वेअरच्या (चौरस मिलिमीटर) वायरचा रोध मीटरमागे सुमारे ३.१ मिलिओम. म्हणजे ८ मीटरला २५ मिलिओम, आणि २२ अँपिअरला ०.५५ व्होल्टची गळती. १० स्क्वेअर घेतली तर हीच गळती ०.३२ व्होल्टवर येते. मी १२ च्या गाडीत १० स्क्वेअरच टाकतो. टोकाला थिंबल (बोल्टवर बसणारा धातूचा कान) क्रिंप करताना, म्हणजे चेपून बसवताना, पक्कड वापरू नका, क्रिंपिंग टूल घ्या आणि वर गोंदवाली हीटश्रिंक चढवा. पकडीने चेपलेला थिंबल वर्षभरात हिरवा पडतो.

फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आत. फ्यूज वायरला वाचवतो, रेडिओला नव्हे. तो रेडिओजवळ बसवला तर मधली चार मीटर वायर उघडीच राहिली, आणि जीपमध्ये त्या चार मीटरांच्या शेजारून पेट्रोलची नळी जाते. २२ अँपिअरच्या संचाला ३० चा फ्यूज पुरतो.

निगेटिव्ह वायर कुठे न्यायची यावर हॅम मंडळींत जोरदार वाद होतात. पुष्कळ जण दोन्ही वायरी थेट बॅटरीच्या टोकांवर नेतात. मी जुन्या गाडीत तसं करत नाही. समजा बॅटरीची चेसिसवरची अर्थपट्टी सुटली. सेल्फ मारलात, तर शेकडो अँपिअरना परतायला वाट हवी. ती वाट त्यांना सापडते: चेसिस, अँटेनाचा बेस, कोॲक्सची (अँटेनाच्या केबलची) जाळी, रेडिओची बॉडी, आणि तिथून तुमची देखणी निगेटिव्ह वायर थेट बॅटरीवर. अशा वेळी कोॲक्सचं आवरण वितळून आतल्या तारेला चिकटलेलं मी पाहिलं आहे. म्हणून माझी निगेटिव्ह वायर बॅटरीची अर्थपट्टी चेसिसला जिथे बोल्टने बसते, बरोब्बर त्याच बोल्टवर जाते. पट्टी सुटली तर सेल्फच फिरत नाही, आणि रेडिओ वाचतो. थेट बॅटरीवरच न्यायची असेल, तर निगेटिव्हलाही बॅटरीजवळ फ्यूज हवाच.

सहा, बारा आणि चोवीसचा हिशोब

६ व्होल्टच्या जीपमध्ये १०० वॅटचा संच विसरा. मूळ डायनॅमो सुमारे ४० अँपिअरचा, म्हणजे सगळं मिळून २८० वॅट, तेही इंजिन पळत असताना. एचएफ संचाला एकट्यालाच ३०० लागतात. इथे १२ ची वेगळी बॅटरी मागे ठेवा, घरून भरून आणा आणि गाडीला तिचा स्पर्शही होऊ देऊ नका. ऐकताना दीड अँपिअर, बोलताना २२, आणि दहा मिनिटांत एक मिनिट बोललात, तर सरासरी साडेतीन अँपिअर. ४० अँपिअर-तासाची बॅटरी अर्धी वापरली तरी साडेपाच तास मिळतात. एका परेडला किंवा प्रदर्शनाच्या दिवसाला हे पुरून उरतं. खरं सांगायचं तर १२ आणि २४ च्या गाड्यांनाही हा सगळ्यात निर्धोक उपाय आहे. कारण मिरवणुकीत गाडी पायी चालणाऱ्याच्या वेगाने जाते आणि जुना डायनॅमो आयडलवर जवळजवळ काहीच देत नाही.

२४ च्या गाडीत कन्व्हर्टर लागेल. १३.८ व्होल्ट गुणिले २२ म्हणजे ३०४ वॅट. ८८ टक्के कार्यक्षमता धरली तर २७.५ व्होल्टला साडेबारा अँपिअर, आणि इंजिन बंद असताना १४ च्या वर. २० चा फ्यूज आणि ६ स्क्वेअर वायर इथे चालेल. कन्व्हर्टर घेताना त्याची इनपुट मर्यादा नीट वाचा. ट्रकसाठीचे स्वस्त कन्व्हर्टर ३० किंवा ३२ व्होल्टवर संपतात. ६० व्होल्टपर्यंत सोसणारा मिळाला तर घ्याच.

झटक्यांपासून संरक्षण

कन्व्हर्टरच्या किंवा रेडिओच्या तोंडाशी, फ्यूजनंतर, पॉझिटिव्ह आणि निगेटिव्हच्या मध्ये टीव्हीएस डायोड, म्हणजे व्होल्टेजचा झटका स्वतःतून वाहून नेणारा डायोड, बसवा. २४ च्या गाडीसाठी ३३ व्होल्टच्या रेटिंगचा, ५ किलोवॅटच्या वर्गातला, म्हणजे ५केपी३३ए सारखा. तो ३६.७ च्या पुढे वाहायला लागतो आणि पूर्ण धक्क्यात व्होल्टेज ५३ च्या आसपास धरून ठेवतो. कन्व्हर्टर ६० सोसणारा घ्या म्हटलं ते यासाठीच. १२ च्या गाडीत २४ रेटिंगचा घ्या. तो ३९ ला धरतो, आणि कुणी इंजिन बंद असलेल्या ट्रकच्या २४ वरून जंप दिला तरी जळत नाही. पण ३९ व्होल्टही साध्या रेडिओला जास्तच आहेत, म्हणून रेडिओ बंद ठेवून सेल्फ मारायचा नियम इथेही कायम.

टीव्हीएस मरतो तेव्हा बहुतेक वेळा शॉर्ट होऊन मरतो आणि फ्यूज उडवतो. त्यामुळे एकामागून एक फ्यूज जायला लागले तर जास्त अँपिअरचा फ्यूज घालू नका, आधी डायोड तपासा. ज्यांना सोल्डरिंग येतं त्यांनी एलटी४३६३ सारखी सर्ज स्टॉपर चिप वापरून छोटा बोर्ड करावा. तो मॉस्फेट नावाचा ट्रान्झिस्टर आवळून व्होल्टेज ठरवलेल्या आकड्यावर अडवतो, धक्का रेडिओपर्यंत पोचूच देत नाही.

उलट्या बॅटरीपासून वाचायला वायरमध्ये सिरीजमध्ये शॉटकी डायोड लावला तर अर्धा व्होल्ट जातो. २४ वर ते परवडतं, १२ वर नाही. १२ ला फ्यूजनंतर उलटा जाड डायोड आडवा लावा. बॅटरी उलटी लागली तर फ्यूज उडेल आणि पुढे काही होणार नाही.

आणि एक मोठा मास्टर स्विच, चालकाच्या हाताशी. विलीजचा सेल्फ पायाने दाबायचा असतो, त्यामुळे किल्लीच्या स्टार्ट स्थितीवरून रेडिओ आपोआप तोडण्याची सोय नाही. हाताने बंद करायची सवयच लावून घ्यावी लागते. स्विचवर लाल पट्टी चिकटवा. दुसऱ्या गाडीला जंप देताना-घेताना आणि चेसिसवर वेल्डिंग करताना तर रेडिओचा प्लगच काढून ठेवा.

खरखर

अमेरिकन सैन्याने युद्धकाळातल्या ज्या जीप रेडिओसाठी शांत केल्या होत्या, त्यांच्या बॉनेटवरच्या नंबरच्या शेवटी एस हे अक्षर रंगवलेलं असे. दाते असलेले वॉशर, बॉनेटपासून बॉडीपर्यंत तांब्याच्या वेणीच्या पट्ट्या, डायनॅमो आणि कटआउटवर फिल्टर, हे सगळं त्यात यायचं. तुमच्या जीपवर ते वॉशर शिल्लक असतील तर नव्या साध्या वॉशरनी बदलू नका. रंगाखाली चावून धातूला धातू भिडवायचं काम तेच करतात.

कानाने निदान करा. इंजिनच्या वेगाबरोबर वाढणारी टिकटिक म्हणजे इग्निशन. रेझिस्टर प्लग किंवा कार्बन वायर घाला, डिस्ट्रिब्युटरची टोपी तपासा. वेगाबरोबर सूर चढवणारं कण्हणं म्हणजे डायनॅमो. त्याच्या आर्मेचर टर्मिनलवर अर्धा मायक्रोफॅरडचा कंडेन्सर लावा. फील्डच्या टर्मिनलवर कधीही नाही, कटआउटचे पॉइंट जळतात. वेगाशी संबंध नसलेली तुटक खडखड कटआउटच्या पॉइंटांची असते. इंजिन बंद करून फक्त स्विच चालू ठेवल्यावर येणारा आवाज पेट्रोल गेजचा किंवा पंख्याचा. गेजची वायर काढून बघितलं की लगेच कळतं.

मूळ संच चालवायचा असेल तर

हे काम माझं सगळ्यात आवडतं, आणि इथे घाई सगळ्यात महाग पडते. युद्धकाळातला बीसी-६०४ ट्रान्समीटर किंवा वायरलेस सेट नंबर १९ हाती आला, की बॅटरी लावून बघायचा मोह होतो. लावू नका. बीसी-६०३ (रिसीव्हर) आणि ६०४ च्या जोडीला डायनामोटर, म्हणजे बॅटरीवर फिरून संचाला लागणारे चढे व्होल्ट बनवणारं यंत्र, असतो, आणि तो १२ चा आहे की २४ चा हे आधी वाचा. डीएम-३४ आणि ३५ हे १२ चे, डीएम-३६ आणि ३७ हे २४ चे. दिसायला सारखेच.

डायनामोटर बाहेर काढा आणि हाताने फिरवा. ग्रीस वाळून मेणासारखं झालेलं असतं, ते रॉकेलने धुऊन नवं भरा. ब्रश काढताना कोणता कुठल्या खाचेत कोणत्या तोंडाने होता ते लिहून ठेवा. झिजून कम्युटेटरला बसलेला ब्रश उलटा घातला तर ठिणग्या उडतात. कम्युटेटरला काचकागद चालेल, एमरी नाही. एमरीचे कण खाचांत बसून शॉर्ट करतात. मग करंट मर्यादित करता येणाऱ्या बेंच सप्लायवर, बाहेरचा भार काढून, हळूहळू फिरवा. सुरू होताना तो चालत्या करंटच्या कित्येक पट ओढतो, म्हणून गाडीत त्याला जाड वायर आणि सावकाश उडणारा फ्यूज लागतो.

नंबर १९ च्या पॉवर युनिटमधून ट्रान्समीटरला ५०० व्होल्ट जातात. हे व्होल्ट माणूस मारतात. संच उघडण्याआधी वीज तोडा, कंडेन्सर रेझिस्टरमधून रिकामे करा, मीटरने खात्री करा, आणि एक हात मागे ठेवा. जुने कागदी कंडेन्सर गळके झालेले असतात. एक-एक बदला आणि जुन्यांची कवचं जपून ठेवा.

कोणत्या लहरीवर बोलणार, हा विचारही आधीच करा. बीसी-६०४ हा २० ते २७.९ मेगाहर्ट्झचा, म्हणजे २८ वर सुरू होणाऱ्या हॅम पट्ट्याला तो पोचतच नाही. तो डमी लोडवर, म्हणजे अँटेनाऐवजी लावलेल्या रेझिस्टरवर, चालवून दाखवण्यासाठी. नंबर १९ मात्र २ ते ८ मेगाहर्ट्झचा, त्यामुळे ७ मेगाहर्ट्झवर परवानाधारक हॅम त्यावरून बोलू शकतो. भारतात त्यासाठी दूरसंचार विभागाची परीक्षा देऊन परवाना घ्यावा लागतो. लष्करी संच बाळगण्याचे कागदही नीट ठेवा.

पाऊस, धूळ, हादरे

अमेरिकन संचांवर कधीकधी एमएफपी असा शिक्का दिसतो. ओल आणि बुरशीविरुद्ध वॉर्निश केल्याची ती खूण. ते वॉर्निश थिनरने धुऊ नका, जिथे सोल्डर करायचं तेवढंच खरवडा. कोकणात गाडी ठेवणाऱ्यांनी जूनआधी संच उतरवून सिलिका जेलच्या पुड्यांसह डब्यात बंद करावा. गाडीतली प्रत्येक वायर रेडिओत शिरण्याआधी खाली लोंबू द्या, म्हणजे पाणी त्या लोंबत्या टोकावरून टपकेल, प्लगमध्ये जाणार नाही. संच मूळच्या शॉकमाउंटवरच बसवा. त्याचं रबर वाळून दगड झालं असेल तर नवं घाला, आणि रबर ओलांडणारी तांब्याची वेणी जोडायला विसरू नका, नाहीतर रेडिओला अर्थच मिळत नाही.

उंच अँटेना मिरवणुकीत दोरीने वाकवून बांधा. गावातल्या अरुंद रस्त्यांवर विजेच्या तारा खाली आलेल्या असतात.

सगळं झालं की एकदा पूर्ण क्रमाने तपासा. रेडिओ बंद, सेल्फ मारा, इंजिन स्थिर होऊ द्या. मीटर थेट रेडिओच्या प्लगवर लावून स्विच चालू करा. ऐकताना किती व्होल्ट, डमी लोडवर बोलताना किती, ते बघा. १२ च्या संचात इंजिन चालू असताना बोलताना १३ च्या खाली जाऊ नये. एक तास चालवा, मग फ्यूजहोल्डर, थिंबल आणि कन्व्हर्टरवर हात ठेवून बघा. जिथे चटका बसतो तिथला जोड पुन्हा करा. हे आकडे तारखेसकट एका कागदावर लिहून मी रेडिओच्या झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवतो. मित्राच्या त्या जीपमध्ये आता दोन्ही बॅटऱ्या एकाच आकड्यावर असतात. झाकणाच्या आतल्या कागदावर पहिली ओळ त्याच्या मुलीच्या अक्षरात आहे: डावी १२.६८, उजवी १२.६७.